साखर आटोक्यात आहे, हृदयाचं काय?

७४ वर्षांचं वय, २० वर्षांचा मधुमेह आणि हातात ताजा रिपोर्ट: एचबीएवनसी ६.९. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. "साखर एकदम कंट्रोलमध्ये आहे," हे वाक्य दिवसभरात चार जणांना फोनवर सांगून होतं. गेल्या दोन महिन्यांत जिना चढताना मध्येच थांबावं लागतंय, रात्री एक उशी जास्त लागतेय, संध्याकाळी मोज्याची खूण पायावर खोल उमटतेय, या गोष्टी मात्र रिपोर्टमध्ये नसतात. त्या "आता वय झालं" या खात्यावर जमा होतात.

रिपोर्ट खोटा नाही. त्याला जे विचारलं त्याचं त्यानं बरोबर उत्तर दिलंय. एचबीएवनसी म्हणजे तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे, त्याची टक्केवारी. तांबडी पेशी साधारण चार महिने जगते, म्हणून या आकड्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते. डोळ्यांचा पडदा, किडनी, पायांच्या नसा यांना पुढे किती त्रास होईल याचा अंदाज त्यावरून बऱ्यापैकी बांधता येतो. हृदयाबद्दल तो फार थोडं सांगतो, आणि उतारवयात त्याहून थोडं.

२००८ साली हे चांगलंच ठळकपणे दिसलं. अमेरिका आणि कॅनडात चाललेल्या 'ॲकॉर्ड' या अभ्यासात टाइप २ मधुमेह आणि हृदयविकाराचा मोठा धोका असलेले १०,२५१ लोक होते, सरासरी वय ६२. निम्म्यांची एचबीएवनसी ६ च्या खाली आणायची आणि बाकीच्यांची ७ ते ७.९ मध्ये ठेवायची, असं ठरलं होतं. साखर रेटून खाली आणलेल्या गटात २५७ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात २०३. साखरेचा तो प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला. यावरून "साखर कशीही असली तरी चालते" असा अर्थ कुणी काढू नये, तो साफ चुकीचा ठरेल. पण ज्येष्ठ मधुमेहींच्या बाबतीत घरच्यांचं सगळं लक्ष त्या एका आकड्यावर खिळलेलं असतं, तेव्हा मला 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण आठवते. हृदयाचं कसं चाललंय हे विचारायचं असेल, तर हृदयातूनच रक्तात काय झिरपतंय ते पाहावं लागतं.

रक्तात मोजता येणाऱ्या अशा खुणेला मार्कर म्हणतात. मार्करची कामं वेगवेगळी असतात. छातीत दुखतंय म्हणून कुणी दवाखान्यात आलं, तर "आत्ता अटॅक आलाय का" हे सांगणं हे एक काम. आज ठीक दिसणाऱ्या माणसाला पुढच्या पाच वर्षांत काय होण्याची शक्यता आहे, हे सांगणं वेगळं काम. तोच रेणू दोन्ही कामं करू शकतो, पण दोन्हीकडे त्याचे निकष वेगळे असतात, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. आपण इथे दुसऱ्या कामाबद्दल, म्हणजे अंदाजाबद्दल बोलतोय.

म्हातारपण आणि मधुमेह एकत्र आले की हा अंदाज बांधणं मुळातच अवघड होतं. दीर्घकाळच्या मधुमेहात हृदयाकडे जाणाऱ्या नसाही बधिरतात, त्यामुळे छातीत कळ न येताच हार्ट अटॅक येऊन जाऊ शकतो. दुसरी अडचण गणिताची. धोका मोजायच्या तक्त्यांमध्ये वयाचं वजन इतकं असतं की सत्तरी ओलांडली की जवळजवळ सगळेच 'जास्त धोका' या रकान्यात जाऊन बसतात. वर्गातल्या सगळ्यांनाच पहिला नंबर दिला तर त्या नंबराचं करायचं काय? युरोपात २०२३ मध्ये मधुमेहींसाठी खास पुढे आणलेलं 'स्कोअर-टू डायबेटिस' हे गणित तर ४० ते ६९ या वयापुरतंच आहे. म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त गरज, तेच त्याच्या बाहेर.

शिवाय आपण बघतो एकीकडे आणि धोका येतो दुसरीकडून. मधुमेह म्हटलं की हार्ट अटॅक डोळ्यांसमोर येतो. पण वय वाढतं तसं हार्ट फेल्युअरचं पारडं जड होत जातं. नाव ऐकून हृदय बंद पडल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात हृदय चालूच असतं. ते दुबळं झालेलं असतं किंवा ताठर, आणि मागणीइतकं रक्त ढकलणं त्याला जमत नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून चाललेल्या अभ्यासातून १९७४ मध्येच दिसलं होतं, की मधुमेही पुरुषांमध्ये हार्ट फेल्युअरचं प्रमाण इतर पुरुषांच्या दुपटीहून जास्त असतं आणि मधुमेही स्त्रियांमध्ये इतर स्त्रियांच्या पाचपट. अर्धशतक झालं या गोष्टीला. तरी आजही मधुमेहाच्या नेहमीच्या तपासण्यांमध्ये डोळे, पाय, किडनी येतात आणि हा विषय बहुधा राहून जातो.

ताणलेल्या हृदयाची स्थळप्रत

मला विचाराल तर या सगळ्या मार्करांमध्ये एकच असा आहे, ज्यावर निवांत वेळ घालवावा. त्याचं नाव जिभेला वळसा घालणारं आहे: एनटी-प्रोबीएनपी.

१९८१ मध्ये कॅनडातल्या अडॉल्फो डी बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क काढून दुसऱ्या उंदरांना टोचला. काही मिनिटांतच त्या उंदरांना भरपूर लघवी होऊ लागली आणि तिच्यातून मीठही बाहेर पडू लागलं. तोवर हृदय म्हणजे पंप, एवढंच ठाऊक होतं. हा पंप रक्तात संप्रेरकं सोडून किडनीला निरोपही पाठवतो, हे तेव्हा कळलं. १९८८ मध्ये जपानी संशोधकांना त्याच जातीचा आणखी एक रेणू डुकराच्या मेंदूत सापडला, म्हणून त्याच्या नावात 'ब्रेन' आलं आणि तो बीएनपी झाला. पुढे लक्षात आलं की त्याचा खरा कारखाना हृदयाच्या खालच्या कप्प्यांमध्ये आहे. तोवर नाव रुळलं होतं. आजही लोक रिपोर्टवर 'ब्रेन' वाचून दचकतात आणि मेंदूच्या डॉक्टरकडे जायचं का, असं विचारतात.

त्याचं काम असं चालतं. हृदयाच्या खालच्या कप्प्यात रक्ताचा दाब वाढला किंवा पाणी साठून भिंत ताणली गेली, की तिथल्या पेशी १०८ अमिनो आम्लांची एक साखळी तयार करतात. ती साखळी तुटून तिचे दोन तुकडे होतात. ३२ चा तुकडा म्हणजे बीएनपी. तो कामकरी: रक्तवाहिन्या सैल करतो, किडनीला जादा मीठपाणी बाहेर टाकायला लावतो. ७६ चा तुकडा काहीच करत नाही, नुसता रक्तात फिरत राहतो. तोच एनटी-प्रोबीएनपी. पावतीपुस्तकात पावती फाडून दिल्यावर मागे स्थळप्रत राहते ना, तसा हा तुकडा. बीएनपीचं प्रमाण साधारण २० मिनिटांत निम्म्यावर येतं, स्थळप्रत तासभर ते दोन तास टिकते. नळीत काढलेल्या रक्तातही ती जास्त तग धरते, म्हणून प्रयोगशाळेला तिचा हिशेब ठेवणं सोपं जातं.

हृदयावर ताण येतो तो दम लागण्याच्या कितीतरी आधी. अंदाजासाठी या मार्करचा उपयोग आहे तो यामुळेच. २०१५ मध्ये 'ओरिजिन' या मोठ्या अभ्यासातल्या ८,४०१ लोकांच्या साठवून ठेवलेल्या रक्तात संशोधकांनी एका झटक्यात २३७ मार्कर मोजले. हे सगळे मधुमेही किंवा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे होते. चाळता चाळता हृदयाच्या घटनांचा अंदाज देणारे १० मार्कर हाती उरले, आणि त्यांत सर्वांत वजनदार निघाला एनटी-प्रोबीएनपी. 'अल्टिट्यूड' या दुसऱ्या अभ्यासातले मधुमेही आधीच किडनीच्या किंवा हृदयाच्या आजाराचे होते. तिथे वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, जुने आजार अशा २० गोष्टी एकत्र करून बांधलेल्या अंदाजाइतकाच चांगला अंदाज या एकट्या आकड्यानं दिला. वीस प्रश्न विचारायचे की एक नळी रक्त काढायचं, असा तो सामना जवळजवळ बरोबरीत सुटला.

२०२२ मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशननं या विषयावर एक एकमतपत्र काढलं. मधुमेह असलेल्यांमध्ये, काही त्रास नसला तरी, बीएनपी वर्गातला एखादा मार्कर किंवा अतिसंवेदनशील ट्रोपोनिन वर्षातून निदान एकदा मोजावं, असं त्यात म्हटलं आहे. एनटी-प्रोबीएनपी १२५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा बीएनपी ५० च्या वर गेलं, तर पुढची पायरी साधारणपणे इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची.

आता इथे एक सावधगिरी. १२५ ही सीमा "पुढे बघायला हवं" असं सांगणारी आहे, "हार्ट फेल्युअर झालं" असं सांगणारी नाही. अचानक धाप लागून कुणी इमर्जन्सीत आलं, तर तिथे डॉक्टर याच मार्करला वेगळ्या मापानं मोजतात: पन्नाशीच्या आत ४५०, पन्नास ते पंचाहत्तरपर्यंत ९००, त्यापुढे १८००. एवढा फरक का? कारण वय वाढतं तसा हा आकडा आपोआप वर सरकतो. तेव्हा ७८ व्या वर्षी १९० आलं म्हणून लगेच घाबरून जाऊ नये, आणि दुर्लक्षही करू नये.

वयाखेरीज बऱ्याच गोष्टी हा आकडा इकडेतिकडे हलवतात. किडनी मंदावली की तो चढतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे ठोके सततचे अनियमित पडत असले की, चढतो. स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा मुळातच जास्त असतो. लठ्ठपणात मात्र तो उलटा, खाली असतो, आणि मला सर्वांत धोक्याची वाटते ती हीच गोष्ट, कारण टाइप २ मधुमेह आणि लठ्ठपणा बहुधा हातात हात घालून येतात. वजन जास्त असलेल्या माणसाचा ११० हा आकडा सडपातळ माणसाच्या ११० इतका निश्चिंत करणारा नसतो. आणखी एक खाचखळगा औषधाचा: सॅक्युबिट्रिल हे हार्ट फेल्युअरवरचं औषध बीएनपी तोडणाऱ्या विकरालाच (एन्झाइमलाच) अडवतं, म्हणून ते चालू असताना बीएनपी वाढू शकतं. स्थळप्रतीला त्या विकराशी देणंघेणं नाही. अशा रुग्णात एनटी-प्रोबीएनपीच पाहावं.

ट्रोपोनिन आणि एक नावडता निकाल

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. स्नायूच्या पेशी मेल्या की ते रक्तात सांडतं, म्हणून हार्ट अटॅकच्या निदानासाठी ते जगभर वापरलं जातं. नव्या अतिसंवेदनशील चाचण्या इतक्या बारीक झाल्या आहेत की अटॅक वगैरे काही नसतानाही त्यांना रक्तात ट्रोपोनिनचे कण दिसतात. हृदयाची हळूहळू, गुपचूप होणारी झीज त्यात उमटते.

यावर २०१५ मध्ये 'बारी टू-डी' या अभ्यासातून आलेले आकडे मी अनेकदा उगाळले आहेत. टाइप २ मधुमेह आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा स्थिर आजार असलेले २,२८५ लोक. त्यांतल्या ३९ टक्क्यांचं ट्रोपोनिन टी सीमेच्या, म्हणजे लिटरमागे १४ नॅनोग्रॅमच्या वर होतं. त्यांना तेव्हा अटॅक आलेला नव्हता. पाच वर्षांत अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकारानं मृत्यू यांपैकी काहीतरी झालं ते या गटात २७.१ टक्के लोकांना, आणि ट्रोपोनिन सीमेच्या आत असलेल्या गटात १२.९ टक्के लोकांना. दुपटीहून जास्त.

इथपर्यंत वाचून कुणालाही वाटेल: मग ज्यांचं ट्रोपोनिन वाढलंय, त्यांच्या रक्तवाहिन्या लगेच मोकळ्या कराव्यात. अभ्यासात ते तपासूनच पाहिलं होतं, कारण काहींना चिठ्ठी टाकल्यासारखं निवडून लवकर अँजिओप्लास्टी किंवा बायपास केलं होतं, आणि काहींना फक्त नीट औषधोपचार. वाढलेल्या ट्रोपोनिनच्या गटात दोन्हींच्या निकालात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मार्करनं धोका कुणाला हे ओळखलं होतं. पण तो धोका अडवण्याचा रस्ता आपल्याला वाटला तिथून जात नव्हता. रक्तवाहिनीतल्या एका अडथळ्यापेक्षा, सगळ्या स्नायूतच मुरलेली झीज ते ट्रोपोनिन सांगत असावं.

हेच आकडे आता दुसऱ्या बाजूनं पाहू. समजा अशा १,००० लोकांना एका रांगेत उभं केलं. ३९३ जणांचं ट्रोपोनिन जास्त, ६०७ जणांचं ठीक. पहिल्या गटातल्या २७.१ टक्क्यांना काही ना काही होणार, म्हणजे १०६-१०७ जणांना. दुसऱ्या गटातल्या १२.९ टक्क्यांना, म्हणजे ७८ जणांना. एकूण घटना सुमारे १८५. त्यांतल्या ७८, म्हणजे दहात चार, 'नॉर्मल' रिपोर्टवाल्यांच्या वाट्याला आल्या. आणि 'वाढलेलं' असा शिक्का बसलेल्या ३९३ जणांपैकी २८६ जणांना पाच वर्षांत यातलं काहीच झालं नाही.

मार्कर कसा वाचायचा, हे या छोट्या हिशेबात सगळं आलं. 'दुप्पट धोका' हे शब्द खरे आहेत, आणि तरीही ते एका माणसाबद्दल काही ठरवून टाकत नाहीत. ते गटाचं वर्णन आहे. हवामानखात्यानं पावसाची शक्यता ७० टक्के सांगितली आणि पाऊस पडला नाही, तर अंदाज चुकला असं म्हणता येत नाही, तसंच हे.

संशोधक अशा अंदाजाची धार मोजायला एक सोपी कसोटी वापरतात. पुढे घटना घडलेला एक माणूस आणि न घडलेला एक माणूस अशी जोडी उचलायची. घडलेल्याचा आकडा दुसऱ्यापेक्षा जास्त निघाला का? प्रत्येक वेळी निघाला तर मार्कर त्रिकालज्ञानी. निम्म्या वेळी निघाला तर नाणं उडवण्याइतकाच उपयोगी. 'अल्टिट्यूड'मध्ये मृत्यूच्या अंदाजासाठी एनटी-प्रोबीएनपीचा निकाल साधारण चारात तीन वेळा बरोबर, असा होता. वैद्यकात हे उत्तम मानलं जातं. पण चौथी वेळ विसरता येत नाही.

बाकीची मंडळी

किडनीचा विषय टाळता येणार नाही, कारण मधुमेहात किडनी आणि हृदय एकमेकांच्या दुखण्यात सामील असतात. क्रिएटिनिन सगळ्यांच्या ओळखीचं: किडनी थकली की ते रक्तात वाढतं. मात्र ते येतं स्नायूंमधून. वय होऊन स्नायू आटले की क्रिएटिनिन कमी तयार होतं, आणि किडनी थकलेली असूनही रिपोर्ट शहाण्यासारखा दिसतो. हडकुळ्या, ज्येष्ठ माणसाचं ०.९ क्रिएटिनिन पाहून मी तरी लगेच खूश होणार नाही. अशा वेळी सिस्टॅटिन सी ही चाचणी कामाला येते. ते प्रथिन शरीरातल्या जवळजवळ सगळ्याच पेशी बनवतात, त्यामुळे स्नायू किती उरलेत यावर ते फारसं अवलंबून नसतं. आणि रक्ताचा लेख असूनही एक गोष्ट लघवीतली सांगतो: लघवीतल्या अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर ३० च्या वर असेल, तर ते किडनीइतकंच हृदयासाठीही वाईट लक्षण असतं. ही साधी तपासणी अनेकदा विसरली जाते.

सीआरपी हा दाहाचा मार्कर. अंदाजासाठी त्याची अतिसंवेदनशील चाचणी घेतात: लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत चांगलं, ३ च्या वर जास्त धोका. पण हा धुरासारखा आहे. धूर दिसला की कुठेतरी जळतंय एवढं कळतं, कुठे ते कळत नाही. सुजलेली हिरडी, गुडघ्याचा संधिवात, पायाची जखम, नुकताच येऊन गेलेला खोकला, कशानंही तो वाढतो, आणि ज्येष्ठ मधुमेहींमध्ये यातलं एखादं तरी असतंच.

जीडीएफ-१५ नावाचा एक मार्कर संशोधनाच्या जगात बराच गाजतोय. पेशी कुठल्याही ताणाखाली असल्या की तो वाढतो, आणि मृत्यूचा अंदाज चांगला देतो. गंमत अशी की मेटफॉर्मिन घेतल्यानंही तो वाढतो. मधुमेहाचं सर्वांत जास्त वापरलं जाणारं औषध घेतलं की धोक्याचा मार्कर वर! औषध वाईट असल्याचं ते लक्षण अजिबात नाही, मार्करच तसा आहे. नेहमीच्या तपासणीत त्याला अजून जागा नाही आणि घाईही नको.

कोलेस्टेरॉलबद्दल इतकं लिहिलं गेलंय की दोनच ओळी. मधुमेहात एलडीएलचे, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचे, कण लहान आणि संख्येनं जास्त असू शकतात, त्यामुळे एलडीएलचा आकडा ठीक दिसूनही कण जास्त असतात. प्रत्येक कणावर एपोबी या प्रथिनाचा एकच रेणू असतो, म्हणून एपोबी मोजणं म्हणजे डोकी मोजणं. लिपोप्रोटीन-ए हा कोलेस्टेरॉल वाहणारा आणखी एक कण, त्याचं प्रमाण मुख्यतः आनुवंशिक, आयुष्यात एकदा मोजला तरी पुरतो.

मग हे सगळेच मोजले तर? मोठमोठी 'कार्डियाक पॅकेज' याच भरवशावर उभी असतात. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या एक-दोन चांगल्या मार्करनंतर प्रत्येक नव्या आकड्यानं अंदाजात पडणारी भर झपाट्यानं कमी होत जाते, कारण बरेचसे मार्कर तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगत असतात. उलट वीस तपासण्यांमध्ये एखादी तरी निव्वळ योगायोगानं 'ॲबनॉर्मल' येण्याची शक्यता बरीच असते, आणि मग तिच्यामागे धावाधाव.

आकडा कळला, पुढे?

२०१५ च्या आधी या प्रश्नावर डॉक्टरही जरा अडखळले असते. धोका कळूनही वेगळं काय करणार? २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचा अभ्यास आला आणि चित्र बदललं. हे साखरेचं औषध, एसजीएलटी-टू या गटातलं. हृदयविकार असलेल्या ७,०२० मधुमेहींमध्ये सुमारे तीन वर्षांच्या काळात हृदयविकारानं होणारे मृत्यू ५.९ टक्क्यांवरून ३.७ टक्क्यांवर आले. जाहिरातीच्या भाषेत '३८ टक्के घट'. साध्या भाषेत, हजारांमागे ५९ ऐवजी ३७. दोन्ही खरं आहे, फक्त दुसऱ्या वाक्यात आपल्याला माणसं दिसतात. हार्ट फेल्युअरसाठी दवाखान्यात भरती व्हायचं प्रमाणही ३५ टक्क्यांनी घटलं.

मार्कर पाहून उपचार बदलले तर फायदा होतो का, याची थेट परीक्षा 'पाँटिॲक' या अभ्यासानं २०१३ मध्ये घेतली. हृदयविकार माहीत नसलेले, पण एनटी-प्रोबीएनपी १२५ च्या वर असलेले ३०० मधुमेही. निम्म्यांना नेहमीची मधुमेहाची काळजी, निम्म्यांना शिवाय रक्तदाबाच्या आणि हृदयाला विसावा देणाऱ्या औषधांचे डोस नीट वाढवून दिले. दोन वर्षांत हृदयासाठी भरती होणं किंवा हृदयविकारानं मृत्यू, यांत ६५ टक्के घट झाली. अभ्यास छोटा, घटनाही मोजक्याच, म्हणून मी त्यावर मनोरे बांधणार नाही. पण धोका ओळखून काहीतरी करता येतं, हे त्यातून दिसलं.

चाचणी करायचीच असेल तर ती शांत दिवसांत करावी. ताप, छातीतला कफ, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असं काही असताना घेतलेला आकडा त्या आजारपणाचा असतो. केस-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावं: काही चाचण्यांमध्ये बायोटिनमुळे ट्रोपोनिन खोटं कमी दिसू शकतं, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्येच तसा इशारा दिला होता. दोन रिपोर्ट शेजारी ठेवताना एकक वाचावं. ट्रोपोनिनचं १४ आणि ०.०१४ हे एकच असू शकतं, एक लिटरमागे आणि एक मिलिलिटरमागे. एनटी-प्रोबीएनपी काही प्रयोगशाळा पिकोमोलमध्ये देतात, तिथे १२५ चे सुमारे १५ होतात. आणि मागच्या वेळी २१० होतं, आता २४०, एवढ्यावर "वाढलं" म्हणू नये. हा आकडा त्याच माणसात काहीही बिघडलेलं नसताना इतका हलतो. दुप्पट झाला तर गोष्ट वेगळी.

आता दोन माणसांची कल्पना करा. दोघांनाही जुना मधुमेह, दोघांचंही एनटी-प्रोबीएनपी ६४०.

पहिल्या बाई ६८ वर्षांच्या. रोज फिरायला जातात, अलीकडे चढावर दम लागतो. आकडा पहिल्यांदाच मोजलेला. इकोमध्ये हृदयाचं आकुंचन ठीक, पण भिंत जाड आणि ताठर निघते. ईसीजीमध्ये ठोके नियमित. त्यांना एसजीएलटी-टू गटातलं औषध सुरू होतं, रक्तदाबाचा डोस वाढतो, सहा महिन्यांनी पुन्हा भेटायचं ठरतं. या रिपोर्टनं त्यांच्या औषधांची यादी बदलली.

दुसरे गृहस्थ ८६ वर्षांचे. एट्रियल फिब्रिलेशन जुनं, किडनी निम्म्यावर, विसराळूपणा वाढलेला, गेल्या महिन्यात साखर एकदम उतरून पहाटे पडलेले. त्यांचा आकडा गेली तीन वर्षं ६०० च्या आसपासच आहे, आणि आवश्यक ती हृदयाची औषधं चालूच आहेत. डॉक्टर रिपोर्टकडे एकदा पाहून बाजूला ठेवतात आणि साखर उतरवणारी गोळी अर्धी करतात. एचबीएवनसी ८ पर्यंत गेली तरी चालेल, असं मुलीला समजावून सांगतात. पुढच्या तपासणीच्या कागदावर एनटी-प्रोबीएनपीसमोर खूण करत नाहीत. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर वजन करून वहीत लिहा, आणि दोन-तीन दिवसांत दोन किलोनं वाढलं तर फोन करा, एवढं मात्र दोनदा सांगतात.